माया किती सोडायची?

शिवणकामाच्या शंकांच्या या महिन्याच्या टपालात एक पाकीट जरा फुगलेलं होतं. उघडलं तर आत चिठ्ठीला गुंडाळलेली बाही. कुर्त्याची, निळ्या केंब्रिकची, मुंढ्याचा, म्हणजे खांद्याशी जोडतात त्या गोलाईचा, कच्चा टाका तसाच लोंबत असलेली. चिठ्ठीत एकच ओळ: "मावशी, हिचं काय चुकलं?"

हिचं काहीच चुकलं नाही, पोरी. चांगली डावी बाही आहे. पण तुझ्याकडे राहिलेली दुसरीसुद्धा डावीच असणार, म्हणून तर ही माझ्याकडे आली! मुंढ्याची पुढची गोलाई मागच्यापेक्षा खोल असते. कापड एकेरी पसरून एकाच कागदावरून दोनदा बेतलंस की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. कापड दुमडायचं, सुलट बाजू आत घ्यायची आणि कात्री एकदाच चालवायची. तुझं केंब्रिक दोन्हीकडून सारखं दिसतं, तेव्हा ही बाही उलटी करून उजवीकडे लाव, कुणाच्या बापाला कळणार नाही. परत पाठवते आहे. आणि रडू नकोस. मी अकरा वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कॉलर लावल्या, तरी मागच्या दिवाळीत नातीच्या फ्रॉकला दोन उजव्या बाह्या बेतून बसले होते. कापड छापील होतं, त्यामुळे उलटवायचीही सोय नव्हती. शेवटी बिनबाह्यांचा फ्रॉक झाला आणि तिला तोच आवडला.

मावशी, सासूबाईंची पायमशीन माळ्यावरून काढली. फार जड फिरते. खोबरेल तेल घातलं तर आणखीच अडली. शिवताना कापडाखाली दोऱ्याचं घरटं होतं. बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळून पिळून मी थकले.
— बाळीवेशीतली सून

सूनबाई, आधी तेलाचं. खोबरेल केसांना. मशीनमध्ये ते हळूहळू चिकट होतं, त्यावर सुताचा भुगा बसतो आणि डिंकासारखा थर जमतो. आता असं करा: वादी, म्हणजे चाकाचा पट्टा, काढून ठेवा, तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडा आणि हाताने चाक फिरवत राहा. पहिल्या दिवशी काळं पाणी सुटेल, ते जुन्या धोतराने पुसा. दुसऱ्या दिवशी परत तेच. जवळपास गॅस, उदबत्ती काही नको, आणि मशीनला मोटर बसवलेली असेल तर रॉकेलचा उद्योग घरी करूच नका. मोकळी फिरायला लागली की मशीनचं पातळ तेल द्या आणि चिंधीवर अर्धा तास नुसती चालवा. तेलाचा शेवटचा डाग चिंधीवर पडू दे, शालूवर नको.

आता घरटं. घरटं खाली दिसतं म्हणून आपण खालच्या दोऱ्याला झोडपतो, पण चोर वर बसलेला असतो. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना तुम्ही दोरा ओवता की नाही, आठवून बघा. फूट खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींना घट्ट धरून असतात. दोरा त्यांच्या मधे शिरतच नाही, वरून सरकत राहतो. मग वरून धरायला कुणी नाही आणि खाली ढीगच्या ढीग. फूट वर करायचा, दोरा ओवायचा, मग फूट खाली. दहातली आठ घरटी एवढ्याने जातात.

स्क्रू पिळून पिळून बिघडवलाय, तो आता जागेवर आणा. बॉबिन केसमध्ये बसवा, दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लोंबकळत ठेवा. हाताला हलका झटका दिला की केस बोटभर खाली यावी आणि थांबावी. सुळकन खाली गेली तर सैल आहे, हललीच नाही तर घट्ट.

आणि सुई. जुन्या मशीनवर बसवलेली सुई सासूबाईंच्या काळची असेल तर ती फेकून द्या. सुईला एका बाजूला लांब खाच असते. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने नेढ्यात घालायचा. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला, मशीनच्या सुईचं अणकुचीशी. 1846 साली एलायस हाव या अमेरिकन माणसाने ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यात हीच युक्ती होती. सुई अख्खी कापडाच्या पलीकडे जात नाही, नुसती डोकं खाली घालून दोऱ्याचा फास सोडते, खालचं शटल तो फास पकडतं. दोरा उलट्या बाजूने ओवला तर फास पडत नाही आणि टाके सुटतात. साध्या सुती कापडाला 14 नंबर, मलमल किंवा रुबियासारख्या तलम कापडाला 11.

मावशी, यंदा गड्ड्याला मुलगा पहिल्यांदा नंदीध्वजासोबत चालणार आहे. बाराबंदी घरीच शिवावी म्हणते. विकतची घालून बघितली, पण हात वर केला की सगळी कमरेच्या वर येते.
— तुळजापूर वेशीतली आई

होय की, शिवा! बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन शब्द: आमच्या सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला भरते, तिलाच गड्डा म्हणतात. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, आणि त्या वाटेवर जिकडे बघाल तिकडे पांढऱ्या बाराबंद्या. बारा बंद म्हणून बाराबंदी. बटण नाही, हुक नाही, एक पाखा दुसऱ्यावर घ्यायचा आणि बंद बांधायचे.

आधी माझी फजिती ऐका. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी धाकट्या दिरासाठी मी पहिली बाराबंदी शिवली. चाटी गल्लीतून मांजरपाट आणला आणि हौसेच्या भरात तसाच बेतला. यात्रेतल्या तैलाभिषेकाच्या दिवशी झकास बसली. रात्री धुतली, सकाळी अक्षता सोहळ्याला घालायला घेतली तर छातीवरचे बंद एकमेकांना भेटेनात. चार बोटं आटली होती! भावजींनी आत बनियन घालून तशीच निभावली. पण घरात आजही कुणी बाराबंदी काढली की सगळे माझ्याकडे बघतात. तेव्हा कापड आणलं की रात्रभर पाण्यात. सकाळी न पिळता वाळत घाला, ओलसर असताना इस्त्री करा, आणि मग मेजपट्टी हातात घ्या. कापड घेतानाच पाव मीटर जास्त घ्या.

माप अंगावरून घेऊ नका. घरातल्या थोरल्यांची एखादी जुनी बाराबंदी असेल, ती जमिनीवर पसरा आणि तिच्यावरून घ्या. प्रत्येक घरची लांबी, घेर, बंदांच्या जागा थोड्या वेगळ्या असतात. त्यात आपली अक्कल चालवायची नाही.

आता वर सरकण्याचं. बायका म्हणतात मुंढा घट्ट आहे, आणखी खोल कापा. उलटं होतं. मुंढा जितका खाली उतरवाल तितकी बाही अंगाला खालून जोडली जाते, हात उचलला की ती सगळं अंग ओढून वर नेते. सरळ बाहीच्या कपड्याला औषध एकच, बगलेत चौकोनी कळी. जुन्या अंगरख्यांना ती असायचीच. विकतच्या मालात वेळ वाचवायला गाळतात.

चार इंचांचा चौकोन घ्या. चारही बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारं कापड, सोडून आत पेन्सिलीने रेघा मारा, आणि जिथे दोन रेघा भेटतात तिथे ठळक ठिपका. असे चार ठिपके. हे ठिपके म्हणजे सगळं काम. कळी बगलेत कोनावर उभी राहते, दोन बाजू बाहीला आणि दोन बाजू अंगाला. बाही खांद्याला जोडताना टीप बगलेपर्यंत नेऊ नका, कळीच्या एका बाजूएवढी जागा, म्हणजे तीन इंच, पुढे-मागे मोकळी ठेवा. मग कळीची पहिली बाजू बाहीला ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत शिवा. ठिपक्याच्या पुढे एक टाकासुद्धा नको. ठिपक्यावर आलात की सुई कापडात रुतलेली ठेवून फूट उचला, कापड वळवा, खालचा थर बोटाने सारखा करा, फूट टाका, पुढची बाजू घ्या. एक टाका पुढे गेला तर कोपऱ्यात चुणी, एक मागे राहिला तर भोक. पहिली कळी दोनदा तरी उसवावी लागेल. माझी तीनदा उसवली होती, म्हणून आधी जुन्या उशीच्या अभ्र्यावर एक करून बघा. चारही बाजू झाल्या की सुलट करून बगलेत हात घाला. कळी पतंगासारखी ताणली गेली पाहिजे. मग मुलाला म्हणावं, हात वर कर, "हर्र बोला" म्हण, आणि कंबर बघा.

बंद बारा वेगवेगळे शिवत बसू नका, हे कारखान्यातलं शहाणपण. नऊ इंचांचा एक धरला तरी बारा मिळून 108 इंच होतात. सव्वा इंच रुंदीच्या पट्ट्या कापडाच्या उभ्या धाग्यावर कापा, जोडून एकच लांब पट्टी करा. दोन्ही कडा मधे दुमडा, परत दुमडा, काठावरून एकच टीप मारत सुटा. मग तुकडे. जोड बंदाच्या टोकाशी येईल असं बघा, मधे नको. आडव्या धाग्यावर कापाल तर बंद दोन दिवसांत ताणून दोरी होईल. अंगाला लावताना टोक आत दुमडून छोटी चौकट शिवा आणि चौकटीत फुली. ओढ सगळी तिथेच येते, आणि गर्दीत बंद तुटला तर सुई-दोरा कोण देणार?

माया नक्की किती सोडायची? प्रत्येक जण वेगळं सांगतं.
— एक वाचक, जुळे सोलापूर

कारण प्रत्येक ठिकाणी ती वेगळीच असते. गळ्याला पाव इंच. गोलाईला जास्त सोडली तर ती उलटताना ताठ होते आणि गळा पाणी पिल्यासारखा फुगतो. खांद्याला अर्धा. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीला सव्वा-दीड इंच, कारण अंग काही कायम एका मापाचं राहत नाही. लहान मुलींच्या फ्रॉकला खाली तीन इंच दुमड, दरवर्षी एक-एक इंच उसवत जायचं. दुमडीची जुनी रेघ दिसते म्हणून काही जणी नको म्हणतात. त्यावर लेस लावा की.

सोलापुरी चादरीचं जॅकेट शिवायला घेतलं. कापल्याबरोबर सगळ्या कडांचे धागे निघायला लागले. जोडावर मशीन अडते, दोन सुया मोडल्या. कॉलर तर उभी राहते ती राहतेच.
— कॉलेजची विद्यार्थिनी, सात रस्ता

पोरी, चादर पांघरायला विणलेली आहे, बेतायला नाही. जाड सूत, इंचात धागे कमी, त्यामुळे कापलेल्या कडेचा एक धागा निसटला की पाठोपाठ चार. पण मला तुझा उद्योग आवडला. आमच्या गल्लीत माग बंद झालेल्या दोन घरांत चादरींची थप्पी अजून कपाटात आहे, मुंबईच्या पाहुण्यांना द्यायला काढतात. कुणीतरी ती अंगावर घालू दे.

तू आत्ता कापलंस ते वाचवू. सगळे तुकडे पलंगावर सपाट ठेव, उचलून झटकू नकोस. प्रत्येक कडेवरून झिगझॅग मार. मशीनला झिगझॅग नसेल तर कडेपासून पाव इंचावर बारीक टाक्याची सरळ टीप दोनदा मार. पुढच्या वेळी खडूने आखायचं, आधी रेघेच्या आतून ही टीप मारायची आणि मग कापायचं. ओव्हरलॉक करून आणते म्हणशील तर नको, ओव्हरलॉक कडा कापत जातं आणि तुझी माया आधीच कमी आहे. आतल्या शिवणींवर पॉपलिनची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी चढव. दीड इंच रुंद, काळी किंवा चादरीच्या जमिनीच्या रंगाची. आतून जॅकेट बाहेरच्याइतकंच देखणं दिसतं.

सुई 18 नंबर, टाका मोठा. फुटाचा दाब कमी करायचा स्क्रू वर असतो, तो थोडा सैल कर. जोडावर, जिथे चार थर येतात, तिथे पायडल सोड आणि हाताने चाक फिरव. तुझी मशीन अडते ती जाडीने नाही, चढाने. फूट पुढून उचलला जातो, मागून लटकतो, कापड पुढे सरकत नाही आणि सुई वाकते. चादरीचाच एक तुकडा दुमडून फुटाच्या मागे, त्याच उंचीला सरकव. फूट सपाट झाला की मशीन निमूट चालते. चढावर पोचण्याआधी ती शिवण वरवंट्याने ठोकून घे. जुन्या चिंधीत गुंडाळून ठोक, नाहीतर आई मला पत्र लिहील.

कॉलर दुहेरी चादरीची केलीस, म्हणून उभी आहे. वर चादर, आतून पॉपलिन, आणि बकरम, म्हणजे ते कडक अस्तर, अजिबात नको. खिशाची झडप असेल तर तिलाही हेच. काज पाडायच्या भानगडीत पडू नकोस, गोंड्यासारखं सूत बाहेर येईल. कापडी फास आणि मोठं लाकडी बटण.

दोन गोष्टी पुढच्या चादरीसाठी. चादरीची नक्षी मागूनही असते, फक्त रंग उलटतात. म्हणजे एकाच चादरीत दोन रंग आहेत. पुढचे पाखे एका बाजूचे, खिसे आणि कॉलर दुसऱ्या बाजूची. आणि चादरीचा विणलेला काठ जॅकेटच्या खालच्या घेराला येईल असं बेत, दुमडायची गरजच उरत नाही. पाठीच्या बरोबर मध्यावर फूल किंवा मोर येऊ दे. अर्धा मोर एका खांद्यावर आणि शेपूट दुसऱ्यावर, असं जॅकेट मी बसस्टँडवर पाहिलंय, दिवसभर डोळ्यापुढून जात नव्हतं.

बेतायच्या आधी धू. गार पाण्यात, एकटी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात. मी करून थकले, मीठ वाया गेलं.

घरी शिवून पैसे वाचतात का?
— गृहिणी, होटगी रोड

परकर, गाऊन, अभ्रे, झबली, पडदे: वाचतात. ब्लाउजचे पहिल्या वर्षी नाही, कारण दोन-तीन रुबिया फुकट जाणार ते धरा. शर्टाचे कधीच नाही. आमच्या कारखान्यात एक बाई फक्त खिसा लावायची, एक फक्त कफ, मी फक्त कॉलर. दिवसभर तेच. त्या हाताशी तुम्ही-मी घरी बसून काय बरोबरी करणार? शर्ट तयार घ्यावा आणि खांदा बसत नसेल तर घरी सुधारावा. मापात बसलेला कपडा हवा असेल तर मात्र घरची मशीन पाहिजे. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हे कुठल्या दुकानाला माहीत असतं?

खांद्यावरून ब्लाउज सारखा घसरतो.
— नवी पेठ

गळा मागून खोल आणि वर रुंदही, दोन्ही हौशी एकदम केल्यात. एक सोडा. मागून खोल हवा तर गळ्याची खांद्याजवळची रुंदी अर्धा-अर्धा इंच कमी. शिवून झालाय तर मागे गळ्याला नाडी लावा आणि गोंडे.

मावशी, मी 63 वर्षांचा, निवृत्त. वडील मिलमध्ये होते, कापडाचा वास लहानपणापासून ओळखीचा. मशीन शिकायची आहे. मुलं हसतात. या वयात, पुरुषाने, हे बरं दिसतं का?
— रेल्वे लाइन्स

काका, आमच्या शहरातले बहुतेक शिंपी पुरुष, आणि मागावर बसलेलेही पुरुषच. मुलांच्या अंगावरचा शर्ट कुणी शिवला असेल, विचारा त्यांना. तुमच्या वडिलांच्या मिलचा भोंगा माझ्या आईनेही ऐकलेला, तो वाजला की ती चुलीवर भाकरीचा तवा ठेवायची.

पहिला आठवडा दोरा ओवूच नका. वहीचा रेघांचा कागद घ्या, बिनदोऱ्याच्या जुन्या सुईने रेघेवर भोकं पाडत चला. पायमशीन असेल तर नवख्याचं चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. दोन्ही पाय पायडलवर, एक थोडा पुढे, आणि सुरुवात हाताने चाक आपल्याकडे ओढून करायची. कागदावर सरळ जमलं की गोल काढा, वाटी ठेवून.

दुसऱ्या आठवड्यात उशीचा अभ्रा. एक मीटर कापड, भिजवलेलं. तिन्ही बाजू सरळ, कोपऱ्यात सुई रुतवून वळवायचं, मायेचं टोक तिरकं छाटायचं म्हणजे सुलट केल्यावर कोपरा टोकदार येतो. चष्मा जवळचा लावा आणि दिवा डावीकडून घ्या, हाताची सावली सुईवर पडत नाही.

झाला की मला फोटो पाठवा. पण उलट बाजूचा, शिवणी दिसतील असा.